चाळीसच्या जागी वीस

"रात्रभर करतोस तरी काय रे त्या कॉम्प्युटरवर?" आईनं एकदा विचारलं. मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, टाक्या भरतो. तिला वाटलं मी उडवून लावतोय.

पण 2012 च्या उन्हाळ्यापासून जवळजवळ दीड वर्ष मी 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये दुसरं काही फारसं केलंच नाही. या खेळातल्या लढायांच्या बातम्या बीबीसी देते. हजारो माणसं एका ताऱ्याभोवती जमून एकमेकांची जहाजं फोडत असतात. त्या खेळात मी टँकर चालवत होतो. एखाद्या मुलानं घोडदळात नाव घालावं आणि त्याच्या हाती वैरणीचा हिशोब द्यावा, तसं काहीसं. तक्रार नाही. मला ते काम आवडायचं. लढाईत माझे हात थरथरायचे, हिशोबात थरथरत नसत, असं तेव्हा मला वाटायचं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आइसलंडच्या रेक्याविकमधल्या सीसीपी कंपनीनं मे 2003 मध्ये तो सुरू केला. बाकीच्या खेळांत गर्दी वाढली की खेळाडू वेगवेगळ्या सर्व्हरवर वाटून टाकतात. इथे, चीनचा वेगळा सर्व्हर सोडला, तर सगळं जग एकाच सर्व्हरवर नांदतं. सात हजारांहून जास्त तारे, त्यांच्यामध्ये रस्ते. मधल्या भागात खेळाचेच पोलीस असतात. विनाकारण कुणावर गोळी झाडलीत तर ते येऊन तुम्हाला फोडतात. जसजसे बाहेर जाल तसे पोलीस विरळ होतात आणि अगदी कडेला कुणीच नसतं. त्या मोकळ्या प्रदेशात खेळाडूंनी आपापली राष्ट्रं उभी केली. कंपनीनं फक्त जमीन दिली. झेंडे, सीमा, कर, मंत्री, वैर हे सगळं लोकांनी स्वतः आणलं.

आमची कॉर्पोरेशन ऐंशी-नव्वद जणांची. अशा कॉर्पोरेशन मिळून अलायन्स, अलायन्स मिळून कोअलिशन. यादीत जो आपला तो 'ब्लू', जो शत्रू तो 'रेड', आणि कडेच्या मुलखात जो ब्लू नाही त्याला मारायचं. चौकशी नंतर. भरती करून घेताना त्यांनी माझी एपीआय की मागून घेतली. तिच्यातून माझ्या खात्यावरचे व्यवहार, पत्रं, ओळखीपाळखी सगळं वाचता यायचं. दोन जणांनी हेडफोनवर तासभर मुलाखत घेतली. आधी कुठे होतास, तिथून का निघालास, अमक्याला तू पैसे का पाठवलेस. त्याच वर्षी मला जी खरी नोकरी लागली तिथे याच्या निम्मीही चौकशी झाली नव्हती.

या संशयाला कारण होतं, आणि ते कारण तिथे प्रत्येक नव्या माणसाला गोष्टीसारखं सांगितलं जायचं. 'बँड ऑफ ब्रदर्स' ही एके काळची सगळ्यात बलाढ्य अलायन्स. 'गूनस्वॉर्म' हे तिचे हाडवैरी, वर्षानुवर्षं लढाया चालू. फेब्रुवारी 2009 मध्ये बँड ऑफ ब्रदर्सचा एक संचालक आपल्याच लोकांना कंटाळून गूनस्वॉर्मकडे गेला. त्याच्या खात्याला जे अधिकार होते ते वापरून अलायन्स बरखास्त करण्याचं बटण दाबण्यात आलं. बस्स. एकही तोफ न उडता साम्राज्य कागदावरून पुसलं गेलं, ताऱ्यांवरचे हक्क गेले, आणि गूनस्वॉर्मनं ते मोकळं झालेलं नावसुद्धा स्वतःच्या नावे नोंदवून टाकलं, म्हणजे बिचाऱ्यांना परत घेता येऊ नये. हे ऐकून लोक हसायचे. त्याच गूनस्वॉर्मनं वर्षभरात, 2010 च्या सुरुवातीला, आपल्या ताऱ्यांवरच्या हक्काची बिलं थकवली, आणि त्यांचाच प्रमुख तिजोरी घेऊन, सदस्यांना बाहेर काढून निघून गेला. हा उत्तरार्ध मात्र कमी वेळा सांगितला जायचा. फितुरीची गोष्ट रंगते. बिल थकल्याच्या गोष्टीला श्रोते मिळत नाहीत.

तर टाक्या. त्या काळात चंद्राभोवती टॉवर उभे करायचे. काही चंद्रांत मौल्यवान खनिज असायचं, टॉवर ते उपसायचा, आणि राष्ट्राची अर्धी लष्करी ऐट त्या पैशावर चालायची. 2012 साली टेक्नेशियम नावाच्या खनिजावर बड्या अलायन्सनी चक्क ओपेकच्या धर्तीवर संघटना काढून भाव ठरवले होते. टॉवरला इंधन लागायचं, विटांसारख्या ठोकळ्यांच्या रूपात. इंधन आहे तोवर टॉवरभोवती निळसर फुग्यासारखं कवच राहायचं. त्या कवचाच्या आत लोक आपली मोठी जहाजं ठेवायचे. इंधन संपलं की फुगा फुटतो. मग जो येईल त्याचं.

आमचे एकोणीस टॉवर होते. मी गूगल शीटवर तक्ता केला होता: टॉवरचं नाव, शेवटचं इंधन कधी भरलं, किती भरलं, तासाला किती जळतं, आणि शेवटच्या रकान्यात सूत्रानं आपोआप येणारी तारीख, ज्या दिवशी ते संपेल. तीन दिवसांवर आली की रांग पिवळी, एक दिवसावर आली की लाल. आई सकाळी दूधवाल्याच्या कार्डावर खुणा करायची तेव्हा मी झोपायला जात असे, माझ्या खुणा करून. युरोपातले लोक संध्याकाळी जेवून खेळायला बसत तेव्हा आपल्याकडे अकरा-साडेअकरा झालेले असत, आणि त्यांचं संपेपर्यंत पहाट. मोठं मालवाहू जहाज घेऊन अंधारातून जायचं, वाटेत कुणी रेड नाही ना हे एक जण पुढे जाऊन बघणार.

हा पुढे जाणारा बहुतेक वेळा फिनलंडचा एक मुलगा असायचा. रात्रपाळीचा बसड्रायव्हर, सुट्टीच्या रात्रीही झोप न येणारा. त्याचं इंग्रजी माझ्याहून कच्चं, त्यामुळे आमचं छान जमायचं. वाट मोकळी असली की तो फक्त "रिकामं" म्हणायचा. आणखी काही नाही. मी त्याला हापूस म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं, त्यानं मला उणे पंचवीसमध्ये बस कशी सुरू करतात ते.

त्या सप्टेंबरात एक गोष्ट झाली. 11 सप्टेंबर 2012 ला लिबियातल्या बेनगाझीत अमेरिकी वकिलातीवर हल्ला झाला, त्यात शॉन स्मिथ हा परराष्ट्र खात्याचा कर्मचारी मारला गेला. ईव्हमध्ये त्याचं नाव 'व्हाइल रॅट', गूनस्वॉर्मचा मुत्सद्दी. कोण कुणाशी लढणार आणि कोण लढणार नाही, हे बराच काळ या माणसाच्या गप्पांमधून ठरत होतं. खरा मुत्सद्देगिरीतला माणूस फावल्या वेळातही तेच करत होता म्हणायचं. त्याच्या मरणानंतर कडेच्या प्रदेशातल्या तळांची नावं बदलून लोकांनी त्याचं नाव दिलं. ज्यांच्याशी त्याचं राष्ट्र लढत होतं त्यांनीही. एका रात्री पायलटांनी आपापल्या जहाजांवरचे सायनो पेटवले. एरवी तो दिवा म्हणजे मागून येणाऱ्या आरमाराला रस्ता दाखवणारी खूण. दिसला की पोटात गोळा यायचा. त्या रात्री सगळीकडे दिवे होते आणि मागून कुणी येणार नव्हतं. फिनलंडवाल्यानंही एक लावला. मी मालवाहूत होतो, मला तो लावता येत नव्हता. मी नुसता बाजूला थांबलो.

डिसेंबरात आतेबहिणीचं लग्न निघालं, आजऱ्याजवळच्या गावी. मांडव, हळद, लग्न, गोंधळ, मग देवदर्शन. सहा दिवस. निघण्याआधी मी दोन रात्री जागून एकोणीसच्या एकोणीस टॉवर भरले. शीटवर सगळ्या रांगा पांढऱ्याशुभ्र. सगळ्यात लवकरची तारीख दहा दिवसांवर होती. निवांत गेलो. तिथे फोनला रेंज मिळायची ती फक्त शाळेच्या गच्चीवर, आणि गच्चीवर केटररचा सामान ठेवलेला.

परत आलो तेव्हा हेडफोनवर आरडाओरडा चालू होता. दहा दिवसांवाल्या टॉवरचा फुगा पाचव्या दिवशीच फुटला होता. आत सहा जणांची कॅरियर जहाजं होती. शेजारच्या शत्रू अलायन्सचा कुणीतरी गस्त घालताना तिथून गेला, त्याला कवचाशिवायचा टॉवर दिसला, त्यानं चाळीस मित्र बोलावले आणि दोन तासांत सगळं फोडून, उचलून नेलं. ज्यांची जहाजं गेली त्यातल्या एकानं वर्षभर साठवून ते घेतलं होतं.

सगळ्यांनी माझा तक्ता बघितला. तक्त्यावर दहा दिवसांचं इंधन दिसत होतं. मी भरलेले 4,800 ठोकळेही बरोबर लिहिले होते. म्हणजे कुणीतरी आत शिरून इंधन काढून नेलं. म्हणजे हेर. हे दोन मिनिटांत ठरलं. फितुरीची गोष्ट सगळ्यांना पाठ होती, फक्त तिच्यात एक नाव भरायचं बाकी होतं. टॉवरमधून इंधन काढायचा अधिकार पाच जणांना होता. त्यातला सगळ्यात कमी बोलणारा, रात्री एकटाच हिंडणारा, कुणाला फारसा ठाऊक नसलेला एकच.

मला कारण सापडलं ते दुसऱ्या दिवशी, ऑफिसच्या बसमध्ये. ऑक्टोबरमध्ये आम्ही तो टॉवर बदलला होता. आधी मध्यम आकाराचा होता, तो तासाला 20 ठोकळे खातो. नवा मोठा, तो 40 खातो. मी नाव बदललं, टाकी किती मावते ते बदललं, आणि जळण्याचा रकाना तसाच ठेवला. तोवर मी दर चार दिवसांनी भरत आलो होतो, म्हणून चूक कधी उघडी पडली नाही. 4,800 भागिले 20 म्हणजे दहा दिवस. 4,800 भागिले 40 म्हणजे पाच.

मी सांगायला हवं होतं, आणि सांगणारही होतो. संध्याकाळी लॉगइन केलं तर फिनलंडवाल्याला काढूनही टाकलं होतं. त्याच्या नावापुढे लाल खूण. आमचा सीईओ, एक स्कॉटिश गृहस्थ, एरवी भला माणूस, मला म्हणाला की तुझा तक्ता होता म्हणून पकडला गेला. चांगलं काम केलंस. इतर लोकही तेच म्हणाले. दीड वर्षांत त्या लोकांनी माझं कौतुक केलेला तो एकमेव दिवस. मी "थँक्स" म्हणालो, आणि रात्री कुणाच्या नकळत 20 चे 40 करायला शीट उघडली. मग वाटलं, बदल केला की कुणी केला आणि कधी केला ते गूगल दाखवतं. तसंच बंद केलं. तो रकाना तसाच राहिला.

यावर मी स्वतःची समजूत बरीच घातली आहे. खेळच आहे, त्याला दुसरी कॉर्पोरेशन मिळेल, तोही कंटाळलाच होता. कॉर्पोरेशन त्यानंतर फार टिकली नाही. एकदा हेर सापडला की दुसराही शोधावा लागतो. तीन-चार महिने लोक एकमेकांच्या एपीआय की तपासत बसले, शत्रूला काही करायची गरजच उरली नाही.

त्याच सुमारास, जानेवारी 2013 मध्ये, असाकाई नावाच्या ताऱ्यापाशी एका टायटनच्या, म्हणजे खेळातल्या सगळ्यात अजस्र जहाजाच्या, पायलटनं आपल्या तुकडीला पुढे पाठवण्याचं बटण दाबण्याऐवजी स्वतःच उडी मारायचं दाबलं. तो एकटा शत्रूच्या मधोमध, त्याला वाचवायला त्याचे मित्र, त्यांना मारायला जो तो. बघता बघता हजारोंची लढाई. पण त्या पायलटची चूक पहिल्या मिनिटाला सगळ्यांना दिसली. लोक त्याच्यावर पोट धरून हसले, आणि हसून मोकळे झाले. मला त्याचा हेवा वाटला, खरंच.

मग 27 जानेवारी 2014. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी संपून आलेला सोमवार. बी-आर 5 आर बी अशा नंबरप्लेटसारख्या नावाचा एक तारा. एन3 आणि पँडेमिक लीजन या जोडीचा तो तळ, आत त्यांच्या जहाजांचा साठा. तिथल्या हक्काचं ठराविक मुदतीनं येणारं बिल भरलं गेलं नाही. तारा बेवारस झाला. समोरच्या बाजूला सीएफसी (गूनस्वॉर्मचीच मांदियाळी) आणि रशियन अलायन्स. त्यांना सुगावा लागला, ते तळ घ्यायला धावले, हे सोडवायला धावले.

माझी रात्रपाळी होती. एका मॉनिटरवर ऑफिसची तिकिटं, म्हणजे तक्रारींच्या नोंदी, दुसऱ्यावर लढाई. गर्दी वाढली की ईव्हचा सर्व्हर कोसळू नये म्हणून काळ संथ करतो, दहाव्या हिश्शापर्यंत. टायटनचं महास्त्र एकदा सोडलं की पुन्हा सोडायला दहा मिनिटं. त्या रात्री ती दहा मिनिटं म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. एक वार करायचा, चहा प्यायचा, एक-दोन तिकिटं बंद करायची, परत यायचं. अजून वेळ असायचा. रोज दुपारी साडेचारला (आपल्या) सर्व्हर देखभालीसाठी बंद होतो, तोवर हे चाललं. एकवीस तास. सगळे मिळून 7,548 खेळाडू त्यात आले-गेले. 75 टायटन फुटले, त्यातले 59 ज्यांचं बिल राहिलं त्यांचे आणि 16 समोरच्यांचे. एक टायटन बांधायला महिने लागतात. खऱ्या पैशात मांडलं तर तीन लाख डॉलरच्या वर, असं दुसऱ्या दिवशी जगभर छापून आलं. ते पैसे कुणाच्या बँकेतून गेले नव्हते, पण वेळ गेला होता, आणि माझ्या मते तोच आकडा मोठा होता.

पानिपतची बातमी नर्मदेपाशी पेशव्यांना कळली ती सावकारी चिठ्ठीतून: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. ईव्हमध्ये खुर्द्याचीही गणती असते. प्रत्येक फुटलेल्या जहाजामागे एक 'किलमेल' निघतं. कुणी मारलं, शेवटचा घाव कुणाचा, आत काय काय होतं, त्यातलं काय जळलं आणि काय वाचलं, आणि सगळ्याची किंमत दोन दशांश स्थळांपर्यंत. त्या रात्रीची किलमेल मी तास-तास वाचली. कुठल्याच किलमेलमध्ये बिलाचा रकाना नव्हता.

लढाई संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आलो तेव्हा बाबा सोसायटीच्या वह्या घेऊन बसले होते. ते खजिनदार, लागोपाठ नववं वर्ष, दुसरं कुणी उभंच राहत नाही म्हणून. मी न राहवून त्यांना सगळं सांगितलं. टायटन, डॉलर, पंचाहत्तर. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"तारा वापरत कोण होतं?"

म्हटलं, पँडेमिक लीजन.

"आणि नावावर कुणाच्या?"

दुसऱ्या एका अलायन्सच्या.

"मग बिल थकणारच," बाबा म्हणाले आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. "आपल्याकडे बी-विंगमध्ये तेच आहे. मालक बेंगळुरूला, भाडेकरू म्हणतो माझा काय संबंध."

ते खुर्चीत बसून लिहीत होते, मी उभा होतो. वाटलं, यांना तरी वीस-चाळीसचं सांगावं. बाबांकडून कधी चूक झालीच नाही असं नाही. एकदा पाण्याच्या टँकरचं बिल दोनदा दिलं गेलं, तेव्हा त्यांनी ते सूचनाफलकावर स्वतःच्या अक्षरात लिहून लावलं होतं. आठवडाभर लोक जिन्यात टोमणे मारत होते. मी तो फलक आठवला आणि झोपायला गेलो. त्या वर्षी मी खेळ सोडला.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये पुन्हा उघडला, कित्येकांनी उघडला तसा. जुलैत तिथे पुन्हा महायुद्ध पेटलं होतं. वर्षाअखेरीस एम2-एक्सएफई नावाच्या ताऱ्यापाशी एका लढाईत 257 टायटन गेले, म्हणजे आमच्या वेळचे 75 किरकोळच. मी कुणाच्याच बाजूनं नव्हतो. जुने टॉवर आता फारसं कुणी वापरत नव्हतं, 2016 पासून नव्या धर्तीचे किल्ले आले होते. माझं मालवाहू जहाज जिथे सोडलं तिथेच उभं होतं. ओळखीच्या यादीत फिनलंडवाल्याचं नावही होतं. शेजारची लाल खूण मी कधी लावली नव्हती. आमच्या कॉर्पोरेशननं लावलेली होती, ती कॉर्पोरेशनबरोबर गेली होती. नाव नुसतं पांढरं होतं.

गूगल शीट अजून शाबूत होती. मी ती उघडली, त्या टॉवरच्या रांगेत 20 खोडून 40 टाकले. शेवटच्या रकान्यातली डिसेंबर 2012 ची तारीख पाच दिवस मागे सरकली. रांग तर केव्हाचीच लाल होती. मग त्याला पत्र लिहिलं. तीनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शीटची लिंक दिली. इंधन तू काढलं नव्हतंस, मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं, मी गप्प बसलो, एवढंच.

उत्तर यायला सोळा दिवस लागले. इंग्रजी सुधारलं होतं. लिहिलं होतं की कोणता टॉवर ते मला नीटसं आठवत नाही, पण मला काढून टाकल्याचं आठवतं. त्या रात्री मी बसमध्ये बसून राहिलो होतो, डेपो बंद होईपर्यंत. पुढे एक रिकामी ओळ. मग, आता मी दुसऱ्यांबरोबर आहे, आमचे नऊ किल्ले आहेत आणि इंधन बघायला माणूस मिळत नाही, सगळ्यांना लढायचं असतं. तू काय करतोस हल्ली?

मी बराच वेळ ते वाचत बसलो. मग विचारलं, एकेक किल्ला तासाला किती खातो ते आधी लिहून पाठव.